अकरा आऱ्यांचं चाक

दोन हजार अठरा साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. दात सगळे जागेवर होते आणि जवळा बाजारमध्ये मला वादात हरवणारा माणूस अजून यायचा होता. तो त्याच साली आला, औंढ्याच्या गाडीनं, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. पुढं शाळेला माझी गरज पडली नाही आणि मला शाळेची. उभा जन्म बैलगाड्या केल्या. हे लिहिणंही माझं मीच लिहून राहिलो. सून म्हणाली, "मामाजी, तुमी बोला, मी लिहिते." मी म्हणलं, मग ते तुझं होईल.

ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचं नाव लिहीत नाही. तो जिवंत आहे, आता लेकीकडं नांदेडला असतो, आणि नाव वाचलं तर पहिल्या गाडीनं भांडायला येईल. तसा आला तर बरंच होईल. पण नाव नाही.

तो मोजणी खात्यात होता. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजायचा. रिटायर झाला तरी मोजायची खोड सुटली नाही. बसायला खुर्ची दिली तर आधी खुर्ची मोजायचा. मग मोजलेलं कागदावर उतरवायला लागला. उतरवायचं म्हणजे कसं, तर जाड कागदावर एखाद्या घराच्या भिंती, छप्पर, दारं सगळी सुटी सुटी छापलेली. रेघेवर कातरायचं, ठिपक्यांवर दुमडायचं, कडेच्या पट्टीला खळ लावायची, की तळहातावर मावेल एवढं घर उभं. पहिलं त्यानं त्यांच्या वस्तीतलं विहार केलं. मग नागनाथाचं देऊळ, मग एसटी, ट्रॅक्टर, पाण्याची टाकी. ज्याला कागद पाहिजे त्याला कागद, आणि ज्याला मोबाईलवर पाहिजे त्याला मोबाईलवर. त्यानं आपल्या गावात छापून घ्यायचं.

विकायची तऱ्हा मात्र अशी, की गिऱ्हाइकानं वाट बदलावी. कुणी म्हणलं, "लेकरासाठी पाहिजे," तर हा म्हणायचा, "मग लेकराला धाडा. तुमचं काय काम?" देवळापाशी बसला असताना एक यात्रेकरू देवळाचा कागद उलटापालटा करून म्हणाला, "तयार केलेलं मिळंल का?"

"मिळंल की," हा म्हणाला. "ते काय तुमच्या मागं उभं है. न्या उचलून."

आणि एकदा विकलं की सुटलं, असं नाही. विकताना नंबर घ्यायचा आणि आठ दिवसांनी फोन करायचा, बराबर जेवायच्या टायमाला. "उभं राहिलं का?" एवढंच विचारायचा. नाही म्हणलं की दुसऱ्या दिवशी परत फोन. हिंगोलीच्या एका वकिलानं पाण्याची टाकी घेतली आणि विसरून गेला. चार-पाच फोन झाल्यावर वकील चिडला. म्हणाला, "पैसे दिले तुमचे, विषय संपला."

"पैसे कागदाचे दिले साहेब. टाकी अजून आडवी है."

दुसऱ्या दिवशी हा कात्री घेऊन वकिलाच्या ओसरीवर पक्षकारांच्या रांगेत जाऊन बसला. दुपारपर्यंत बसला. पक्षकारांना वाटलं नवा कारकून आहे, दोघांनी त्याला आपली केस सांगितली, आणि यानं दोघांनाही तडजोड करा म्हणून घरी पाठवलं. ते कळल्यावर वकिलानं हातातली फाईल बाजूला ठेवली आणि टाकी उभी केली.

मोबाईलवर पाठवलेल्या कागदाची वेगळीच तकलीफ. झेरॉक्सवाले पानात बसवायला चित्र जरासं बारीक करून छापतात. याचा जीव तिथं कासावीस व्हायचा. औंढ्यात एकही झेरॉक्सवाला असा नव्हता की ज्याच्या काउंटरपाशी उभं राहून हा ओरडला नाही, "शंभर टक्के छापा! नव्याण्णव म्हणजे चोरी!" एकानं तर याला लांबून पाहिलं की शटर अर्धं खाली घ्यायचा.

विकतचा डिंक त्याला चालत नसे, कागद आखडतो म्हणायचा. घरीच कणकेची खळ शिजवायचा. त्याची बायको मला म्हणाली होती, "भाऊ, घरात पोळीला कणीक न्हाई आन् यांची खळ रोज शिजून राहिली. एक दिवस मी यांना टाकीच वाढणार है ताटात."

तर आमची पहिली गाठ. जवळ्याच्या बाजारात तो मिरचीवालीच्या आणि दोरवाल्याच्या मधी बसला होता. पुढं ताडपत्री, तिच्यावर कागदाचे गठ्ठे, कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर दगड. दगडांनाही नंबर घातलेले. आणि एका दगडावर कागदाची बैलगाडी उभी केलेली.

मी थांबलो. गाडी दिसली आणि थांबलो नाही, असं मला या जन्मात जमणार नाही. वाकून चाकाचे आरे मोजले. परत मोजले. अकरा.

"साहेब, ही गाडी कुणी केली?"

"मी."

"चाकाला आरे किती?"

"असतील दहा-बारा."

"अकरा हैत."

"मग झालं की. दहा आन् बाराच्या मधीच आले."

मिरचीवाली फिसकन हसली. माझं डोकं सटकलं. मी म्हणलं, "चाकाला आरे बारा असतात. कडेला सहा पाटे, एका पाट्यात दोन आरे. अकरावर चाक कसं बसंल?"

"न्हाई बसलं तर न्हाई. कागदाची है मिस्त्री. तिला कुठं वसमतला कापूस न्यायचाय?"

मी सुतार आहे हे त्याला कोणी सांगितलं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मी त्याला अर्धा तास चाक समजावून सांगितलं. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, केवढा, आरा किती लांब, पाट्यांवर लोखंडी धाव तापवून कशी चढवायची. तो खाली मान घालून ऐकत होता. मधून मधून म्हणायचा, "व्हय का," आणि "असं का." पान खात होता. मला वाटलं, चला, एका शिकलेल्या माणसाला अक्कल दिली.

पुढच्या बाजारी गेलो तर आरे बारा होते. मी खूश. पण जू पाहिलं आणि परत डोकं फिरलं. इतकं आखूड, की बैलांना बैल चिकटलेले.

"साहेब, बैलं काय एकमेकाच्या मांडीवर बसून चालून राहिलीत का?"

"जोडी प्रेमाची असंल."

"शिंगं लागतील ना एकमेकांना!"

"मग किती पाहिजे जू?"

सांगितलं. हातानं हवेत दाखवलं, दोरवाल्याच्या दोरीवर मोजून दाखवलं. तिसऱ्या बाजारी जू ठीक, पण गाडीचा आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, पार पुढं सरकवलेला. मी म्हणलं, "अहो, ही गाडी उलाळ होणार. मागं भार पडला की पुढचं तोंड वर. बैलं जुवाला लटकतील, फासावर दिल्यासारखी."

"मग आख कुठं पाहिजे?"

तेही सांगितलं.

शिकलेला माणूस इतका मंद असतो कसा, मला कळंना. शेताच्या हद्दी यानं मोजल्या असतील तर लोकांचं काय झालं असेल, अशीही काळजी वाटली. पण खोटं कशाला बोलू, बाजाराच्या दिवशी मी तांबडं फुटायच्या आत उठायला लागलो. सात वर्षं झाली होती मला गाडीचं शेवटचं काम येऊन. कुणी विचारत नव्हतं आणि मी सांगत नव्हतो. आता दर आठवड्याला एक माणूस माझ्यासाठी ताजी चूक घेऊन बसत होता. सून म्हणायची, "मामाजी, भाजी आणायला चाललात, पिशवी राहिली."

मी म्हणायचो, "भाजी आणायला कोण चाललंय?"

एकदा म्हणाला, "चला मिस्त्री, डोंगरकडा गावाला एक जुनी गाडी पडून है म्हणतात, पाहून येऊ." गेलो. पण उतरल्या उतरल्या त्याला रस्त्याकडेची दुकानांची ओळ आवडली. खिशातून फीत काढली, टोक माझ्या हातात दिलं. "धरा."

आता रस्त्याकडेच्या दुकानदारापुढं फीत धरली तर काय होतं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. पाच मिनिटांत सगळे बाहेर. कुणी लाइट बिल आणलं, कुणी ग्रामपंचायतीची पावती, एकानं तर लग्नपत्रिका आणली, तिच्यावर दुकानाचा पत्ता छापलेला होता म्हणून. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, अतिक्रमण. हा आपला मोजून राहिला, लिहून राहिला, आलेला चहा पिऊन राहिला. शेवटी एका हॉटेलवाल्यानं पहार आणली आणि रस्त्यावर आलेला आपला ओटा स्वतःच फोडायला घेतला.

मी याच्या कानात म्हणलं, "अहो, सांगा की त्याला!"

"थांबा जरा," हा म्हणाला. "त्याचा ओटा कवाचा माझ्या मापात आडवा येऊन राहिला होता."

ओटा पुरा फुटल्यावर यानं खिशातून कागदी टाकी काढून सगळ्यांना दाखवली आणि आपण कशासाठी मोजतो ते सांगितलं. हॉटेलवाल्याच्या हातात पहार होतीच. आम्ही जी जीप मिळाली तिला लटकलो. जुनी गाडी पाहायची राहिली ती राहिलीच. पण पुढच्या आठवड्यात हा एकटाच गवंडी घेऊन तिथं गेला आणि त्या माणसाला ओटा बांधून दिला. आधीपेक्षा एक हात पुढं. मोजणी खात्यातला माणूस.

असा माणूस. त्याच्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक.

एका सोमवारी मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. म्हणलं याच्या घरी डोकवावं, नवं काय चुकवलंय ते पाहावं. तो झेरॉक्सवाल्याशी भांडायला गेला होता. बायकोनं बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "भाऊ, गाडीचं तुमच्याकडून शिकून राहिलेत म्हणं. मला तर हसूच येतं."

"काहून?"

"यांचे वडील जन्मभर भाड्यानं गाडी हाकायचे. हे लहानाचे मोठे गाडीखालच्या झोळीत झाले. आन् आता म्हणे आरे किती ते माहीत न्हाई!"

मी तांब्या खाली ठेवला. समोर टेबलावर वही उघडी पडली होती. मी अक्षर जुळवून वाचतो, पण वाचतो. वर लिहिलं होतं, मिस्त्री. खाली ओळीनं: पहिला बाजार, आरे अकरा दाखवले, मिस्त्री चिडले, चाक पूर्ण मिळाले. दुसरा बाजार, जू आखूड दाखवले, फार चिडले, जू मिळाले. असं पानभर. शेवटी लिहिलं होतं: पुढील बाजार, गाडीची बैठक अरुंद दाखवणे. हे प्रकरण लांबेल. मिस्त्रींसाठी स्टूल नेणे.

तो आला तेव्हा वही माझ्या हातात होती. चप्पल काढत म्हणाला, "वाचलं?"

"मला काय अडाणी समजलास?"

"अडाणी समजलो असतो तर वही उघडी ठेवली नसती."

"सरळ विचारायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तुमी?"

"न्हाई."

"मग?"

वादात हरायची मला सवय नव्हती, म्हणून मी मोठ्यानं बोललो. दहा मिनिटं बोललो. बायको चहा ठेवून आत गेली. माझं संपल्यावर त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. माझी गाडी. सगळे तुकडे सुटे सुटे, एकही चूक नाही. आणि खाली छापलेलं होतं, 'ही गाडी', पुढं माझं नाव आणि सुतार, जवळा बाजार. माझं नाव छापलेलं मी रेशनकार्डावर पाहिलं होतं, तेही बापाच्या नावासकट चुकलेलं. इथं बराबर होतं.

पुण्याच्या एका संग्रहालयानं गाडी मागवली होती. दुसऱ्या दिवशी अकराला पाठवायची होती. ते ती छापून लोकांना देणार, मोबाईलवरही देणार, ज्याला पाहिजे त्याला. तो म्हणाला, "कागद चुकला तर फाडता येतो मिस्त्री. हे एकदा सुटलं की वापस येत न्हाई. म्हणून सरळ विचारतो. एकच माप उरलंय."

कोणतं, ते मला माहीत होतं. चाक वाटतं तसं सपाट नसतं. आरे तुंब्यातून जरासे बाहेरच्या अंगाला कललेले असतात, चाक बशीसारखं खोलगट असतं. तो कल जास्त झाला तर आरे मोडतात. कमी झाला तर खड्ड्यात गाडी आडवी झाली की चाक उलटतं. सगळी गाडी त्या कलावर आहे. त्यानं तो अंदाजानं टाकला होता आणि तो चुकला होता. या वेळी मुद्दाम नव्हता चुकवला. त्याच्या बापाला गाडी हाकता येत होती, करता येत नव्हती.

"किती डिग्री असतो?" त्यानं विचारलं.

चौथी शिकलेल्या माणसाला डिग्री मागून राहिला. मी म्हणलं, "ते सांगायचं नसतं."

"काहून?"

"माझ्या बापानं सांगितलंय. बाकी सगळं सांग, हे एवढं तोंडातून काढू नको."

"मग तुमी कुणाला दिलं?"

एक पोरगा खोदायची मशीन चालवतो, दुसरा संभाजीनगरला कंपनीत आहे. दोघांनी विचारलं नाही आणि मी बसवून सांगितलं नाही.

"मग माझं नाव काढ तिथून," मी म्हणलं.

"न्हाई काढत. गाडी तुमची है."

"मग गाडी काढ."

"ती बी न्हाई काढत."

"चुकीच्या चाकाखाली माझं नाव घालतोस?"

"चाक बराबर करा, मग बराबर चाकाखाली घालतो. उद्या अकरा वाजेपर्यंत मी घरीच है."

चहा तसाच टाकून मी निघालो. दारातून बायको म्हणाली, "भाऊ, यांचा राग चहावर काहून काढता?" पण मी मागं वळलो नाही.

दिवस मावळायला घरी आलो तर सून मोबाईल घेऊन दारात. त्यानं तिला गाडी पाठवली होती. "मामाजी, तुमचं नाव बघा ना! बोटांनी असं केलं की किती मोठं होतं!" तिनं दोन बोटं फाकवली आणि माझं नाव सगळ्या काचेवर पसरलं. मग तिनं ते वर सरकवलं आणि चाक आलं. चुकलेलं. जेवढं नाव मोठं झालं होतं, तेवढंच चाकही झालं.

"छान है ना?" ती म्हणाली.

"छान है," मी म्हणलं. तिला कुठं कळत होतं. उद्यापासून कुणालाच कळणार नव्हतं. जगात जेवढे लोक ती गाडी उभी करतील, त्यांना वाटेल जवळ्याचा सुतार असंच चाक करायचा. आणि खरं चाक माझ्याबरोबर जाणार, सरणावर.

मी ओसरीवर बसून बापाचा विचार केला. बाप काय येडा नव्हता. त्याच्या काळी गावात दुसरा सुतार होता, त्याच्या गाड्या दोन पावसाळ्यांत मोडायच्या आणि आमच्या वीस-वीस वर्षं चालायच्या. तो फरक राहावा म्हणून बाप बोलला. आता त्या सुताराच्या जागेवर मोबाईलचं दुकान आहे. पण बापाचा शब्द म्हणजे बापाचा शब्द. काळ बदलला म्हणून शब्द मोडायचा असेल तर मग मी एवढे वाद जिंकलो तरी कशाला? तोंडातून काढायचं नाही म्हणलं होतं, नाही काढणार. तोंडातून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी औंढ्याला उतरलो. तो दारात दात घासत उभा होता. मला पाहून चूळ भरायचं विसरला. मी सरळ आत गेलो. त्याच्या टेबलावरची मोजपट्टी घेतली आणि चाक कडेनं दिसतं त्या चित्रावर, धावेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी ठेवली. मग मोजपट्टी आणि तुंब्याच्या मधल्या जागेवर बोट टेकवून त्याच्याकडं पाहिलं. मोजणीचा माणूस, त्याला लगेच उमगलं. इथं जेवढी जागा सुटते तोच कल, आणि आमच्या घरात ती जागा बोटांनी मोजतात.

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. मी त्याच्यावर डावा हात पालथा ठेवला. जेवढी बोटं मोजायची तेवढी जवळ जवळ सरळ धरली, बाकीची मिटली. किती, ते इथं लिहीत नाही. ज्याला पाहिजे त्यानं गाडी विकत घ्यावी.

"मिस्त्री," तो म्हणाला, तोंडात अजून फेस होता, "तुमच्या बापाला चालंल का हे?"

"मी सांगितलं का तुला काही?"

"न्हाई."

"मग बापाचं नाव कशाला काढतो? हात ठेवलाय. तुला काय काढायचं ते काढ."

त्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्या बोटांच्या कडेकडेनं सावकाश फिरवायला लागला. गुदगुल्या होत होत्या. मी हललो नाही.